फिझाक : दहा हजारांचं गाव, चाळीस हजारांचा संसार

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नगररचना शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला फ्रेंच अभ्याससाहित्यात ‘आसपासच्या प्रदेशाला सेवा पुरवणारं छोटं शहर’ हा शब्दप्रयोग पानोपानी भेटतो. ती विचारते, की दहा हजार वस्तीचं गाव प्रदेशाला सेवा पुरवतं म्हणजे नेमकं करतं काय? ते आपल्या तालुक्याच्या गावासारखंच असतं का? आणि एखादं खरं गाव घेऊन कुणी समजावून सांगेल का?

नैर्ऋत्य फ्रान्समध्ये मी बरीच वर्षं हेच काम करतो. नगरपालिकांसाठी आराखडे, पाहण्या, आणि मुख्य म्हणजे बैठका. म्हणून मला नीट माहीत असलेलं एक गाव घेतो : फिझाक. लॉट जिल्ह्यात, सेले नावाच्या छोट्या नदीकाठी. वस्ती दहा हजारांच्या आसपास, खरं तर किंचित कमीच. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावात ग्रामपंचायत असते. इथे मात्र रुग्णालय आहे, लिसे म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारखं विद्यालय आहे, शेतीचं वेगळं विद्यालय आहे, तुलूझच्या विद्यापीठाशी जोडलेली तंत्रसंस्था आहे, आपल्या प्रांत कचेरीच्या जवळ जाणारी सू-प्रेफेक्चर आहे, आणि विमानांचे भाग बनवणारे कारखाने आहेत. दहा हजारांसाठी एवढं कुणी मांडत नाही. हे सगळं गावाबाहेर राहणाऱ्यांच्या जिवावर उभं आहे.

त्यामुळे पहिला सल्ला हाच, की फ्रेंच गावाची लोकसंख्या वाचून त्याचा आवाका ठरवू नका. फ्रान्समध्ये अदमासे पस्तीस हजार कम्यून आहेत. कम्यून म्हणजे सगळ्यात खालची पंचायत. दोनशे वस्तीच्या कम्यूनलाही आपला महापौर, आपली कचेरी. फिझाकची हद्द जिथे संपते तिथून पुढे असे ठिपकेच ठिपके. ते एकत्र येऊन जो समूह होतो त्याचं नाव ग्राँ-फिझाक. त्यात नव्वदहून जास्त कम्यून आणि त्रेचाळीस हजारांच्या घरात माणसं. गंमत म्हणजे हा समूह एका जिल्ह्यात मावत नाही. काही कम्यून लॉटमधले, काही शेजारच्या आव्हेरों जिल्ह्यातले. जिल्ह्याच्या सीमा फ्रेंच राज्यक्रांतीनंतर आखल्या गेल्या. लोकांनी बाजाराला कुठे जायचं, ते त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं होतं.

आता नकाशा उघडा. फिझाकपासून काओर, रोदेझ आणि ओरियाक ही तीन जिल्ह्यांची तीन मुख्य ठिकाणं बघा. तिन्ही साठ-सत्तर किलोमीटरवर, वळणावळणाच्या रस्त्यांनी तासाहून जास्त. तुलूझ त्याच्याही दुप्पट लांब. महामार्गही जवळ नाही. तीन मोठ्या दिव्यांच्या मधल्या अंधारात एक समई असावी तशी फिझाकची जागा आहे. काओर वीस किलोमीटरवर असतं तर फिझाक त्याचं उपनगर झालं असतं आणि मी हे उत्तर लिहीत बसलो नसतो. छोट्या गावाचं भाग्य पुष्कळदा मोठ्या गावाच्या अंतरावर ठरतं. आराखडे करणाऱ्यांना हे मान्य करायला जड जातं, कारण अंतर काही आराखड्यात बदलता येत नाही.

पण अंतर हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं जमिनीत आहे, आणि मला स्वतःला तेच जास्त आवडतं. फिझाकभोवती तीन तऱ्हेच्या जमिनी येऊन भेटतात. नैर्ऋत्येला कोस, म्हणजे चुनखडीचं कोरडं पठार. पाणी वर टिकत नाही, झिरपून जातं. झुडपी ओकची झाडं, दगडी कुंपणं आणि मेंढ्या. या मेंढ्यांच्या डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असतात, चष्मा लावल्यासारखी. पूर्वेला सेगाला : आम्लधर्मी, थंड माती. नावच मुळी राय या धान्यावरून पडलंय, कारण पूर्वी गहू तिथे धड येत नसे. राय आणि चेस्टनट खाऊन जगणारा मुलूख. पुढे शेतात चुना मिसळायला लागले आणि गुरांसाठी कुरणं आली. या दोहोंच्या मध्ये लिमार्गचा पट्टा, चिकण आणि सुपीक. तिथे गवत आहे, गाई आहेत, फळं आहेत.

एकाच्या घरात जे पिकत नाही ते शेजाऱ्याकडे पिकतं, अशी ही रचना. कोसवाल्याला धान्य हवं, सेगालावाल्याला चुना हवा, दोघांना लिमार्गचं जनावर हवं. अशा सांध्यावर बाजार न भरता तरच नवल. आपल्याकडे घाटमाथा आणि कोकण यांच्या मधल्या, घाटाच्या तोंडाशी असलेल्या गावांची पेठ अशीच वाढली. गूळ आणि मिरची एकीकडून, मीठ आणि सुकी मासळी दुसरीकडून. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना फिझाक समजायला वेळ लागणार नाही.

गावाची सुरुवात एका बेनेडिक्टिन मठाभोवती झाली, पण पैसा आणला व्यापाऱ्यांनी. बाराव्या ते चौदाव्या शतकात इथले व्यापारी भूमध्य समुद्राच्या बंदरांपर्यंत व्यवहार करत. त्यांची घरं अजून उभी आहेत आणि ती वाचता येतात. तळाला दगडी कमानी : तिथे दुकान, माल, सौदा. मधल्या मजल्यावर नक्षीदार खिडक्या : तिथे कुटुंबाचा थाट. आणि सगळ्यात वर, छपराखाली, खांबांवर तोललेला उघडा माळा. त्याला इथे सोलेयो म्हणतात. वाळवण घालायची जागा. पापड-कुरडयांऐवजी कातडी, कापड, धान्य एवढाच फरक. बाजाराचं गाव म्हणजे काय, हे एका भिंतीत उभं कापून दाखवल्यासारखं आहे.

शनिवारी सकाळी बाजार भरतो. प्लास कार्नो या चौकात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली लोखंडी छपराची मंडई आहे, आणि बाजार तिथून आजूबाजूच्या गल्ल्यांत सांडतो. काबेकू नावाच्या, पुरीएवढ्या शेळीच्या चीजच्या चकत्या, अक्रोड, मध, हंगामात चेस्टनट. पर्यटक फोटो काढतात. पण मी कायम बघतो ते दुसरंच. भाजीची पिशवी भरून झाल्यावर लोक जातात कुठे? चष्मेवाल्याकडे, बँकेत, औषधांच्या दुकानात, ग्रंथालयात, केस कापायला. एका फेरीत पाच कामं. ‘बाजाराच्या दिवशी येऊ तेव्हा करू’ हे वाक्य फ्रेंच शेतकऱ्याच्या तोंडीही जसंच्या तसं आहे. म्हणून एखादी नगरपालिका बाजाराचा वार बदलायचा किंवा बाजार गावाबाहेरच्या मैदानात न्यायचा विचार करते, तेव्हा मी आधी त्या पाच कामांचं काय होईल ते विचारतो.

इन्से ही फ्रान्सची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था. या पाच कामांना तिने रीतसर नाव दिलंय. दुकानं-सेवांचे तिने तीन थर केले आहेत. बेकरी, प्राथमिक शाळा हा खालचा थर. गावोगावी असावा असा. माध्यमिक शाळा, सुपरमार्केट, चष्म्याचं दुकान हा मधला. लिसे, तातडीचे उपचार, सिनेमागृह हा वरचा. मधल्या थरातल्या सेवा घ्यायला लोक जिथे जातात त्यावरून ‘बासाँ द व्ही’, म्हणजे रोजच्या जगण्याची पंचक्रोशी, आखली जाते. सबंध देशात अशा सतराशेच्या आसपास पंचक्रोश्या आहेत. फिझाकसारखं गाव मधला थर तर देतंच, वरच्या थरातलंही बरंच देतं. या अभ्यासातली अर्धी खुबी इथेच आहे : सेवेचा थर आणि गावाचा आकार यांची तुलना करा. आकाराच्या मानाने थर उंच दिसला, की समजा मागे मोठी पंचक्रोशी आहे.

आता पैशाचा प्रश्न, जो पुस्तकांत एका परिच्छेदात उरकतात आणि ज्यावर बैठका रात्री अकरापर्यंत चालतात. पोहण्याचा तलाव फिझाकने बांधला, पोहायला मुलं तीस गावांतून येतात. ग्रंथालय, क्रीडांगण, वाहनतळ, रस्त्यावरचे दिवे, सगळ्याचं तेच. वापरणारे बाहेरचे, कर भरणारे आतले. बाहेरच्या कम्यूनमध्ये जमीन स्वस्त, कर कमी, म्हणून तरुण कुटुंबं तिकडे घर बांधतात आणि नोकरीला, शाळेला, खरेदीला फिझाकमध्ये येतात. फ्रेंच अधिकारी याला ‘केंद्रपणाचा बोजा’ म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पंगत सगळ्या गावाची आणि शिधा एका घरचा.

यावर उपाय म्हणून कम्यूनचे समूह आले. २०१५ च्या कायद्याने अशा समूहात साधारणपणे किमान १५,००० लोकसंख्या हवी असं ठरलं (विरळ वस्तीच्या आणि डोंगराळ भागांना सवलत आहे). कारखान्यांकडून येणारा कर समूहाच्या तिजोरीत जातो, आणि ग्रंथालयासारख्या सोयी समूहाच्या अंगावर येतात. शाळेच्या बाबतीत तर कायदाच आहे, की मूल दुसऱ्या कम्यूनच्या सरकारी शाळेत जात असेल, तर ठरावीक परिस्थितीत राहत्या कम्यूनने खर्चाचा वाटा द्यायचा. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात मी अशा बैठका पाहिल्या आहेत जिथे एकशे ऐंशी वस्तीच्या गावाचा महापौर आणि केंद्रगावाचा महापौर तलावाच्या तापमानावरून तासभर भांडले. गावं कुठली ते सांगत नाही. कुठलीही असू शकतात. खरं भांडण तापमानाचं नव्हतंच. ‘तुमच्या गावाची शोभा आम्ही का पोसावी’ आणि ‘आमच्या दिव्यात तुम्ही का वाचावं’, हे दोन प्रश्न दुसऱ्या वेशात आले होते. २०२३ पासून राहत्या घरावरचा ताक्स दाबितास्यों हा कर पूर्ण बंद झाला, त्यामुळे रहिवासी आणि पालिका यांच्यातला आणखी एक धागा सुटला. माझ्या मते ते वाईट झालं.

आता फिझाकची जी गोष्ट इतर बाजारगावांत नसते ती. इथे उद्योग आहे. रातिए ही कंपनी १९०४ ची, सुरुवात लाकडी प्रोपेलरपासून. आज या कारखान्याचं नाव एअरबस ए-४०० एम या लष्करी मालवाहू विमानाच्या प्रोपेलरशी जोडलेलं आहे : आठ पाती, व्यास सव्वापाच मीटरहून जास्त. एटीआर-७२ या विमानाच्या सहा पात्यांच्या प्रोपेलरमागेही हीच कंपनी, अमेरिकन भागीदारासह. कोल्हापूर किंवा जळगावला एटीआरने उतरला असाल तर खिडकीतून जे गरगरताना दिसलं, त्याचं मूळ या दहा हजारांच्या गावात सापडतं. १९८९ मध्ये इथेच फिझाक एरो ही दुसरी कंपनी सुरू झाली. तिचे कारखाने आज मोरोक्को, ट्युनिशिया, मेक्सिको आणि अमेरिकेतही आहेत. तिची इथली वसाहत गावाच्या पश्चिमेला एग्वीय नावाच्या भागात आहे. एग्वीय म्हणजे सुई. मध्ययुगात उभारलेला अष्टकोनी दगडी सुळका तिथल्या टेकडीवर अजून आहे, खाली विमानाचे भाग कातले जातात.

या कारखान्यांमुळे फिझाकमध्ये राहणाऱ्या कामकऱ्यांपेक्षा नोकऱ्याच जास्त आहेत. रोज सकाळी माणसं गावात येतात, बाहेर जात नाहीत. तंत्रसंस्थेत यंत्रविद्या शिकवली जाते आणि मुलं चालत जाऊन कारखान्यात प्रशिक्षण घेतात. महामार्ग नसताना हे टिकलं कसं, असं मला नेहमी विचारतात. एक कारण असं, की प्रोपेलरचं पातं महाग आणि तुलनेने हलकं. किलोमागे किंमत इतकी, की ट्रकला दोन तास जास्त लागले तरी बिघडत नाही. दुसरं कारण माणसांचं : तीन-तीन पिढ्या यंत्रावर काढलेली घरं आहेत, ती उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

या कारखान्याची एक जखमही आहे. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांसाठी प्रोपेलर बनवायला जुंपला गेला. जानेवारी १९४४ मध्ये प्रतिकार चळवळीच्या लोकांनी आतली यंत्रं स्फोटाने निकामी केली. त्याच वर्षी १२ मे रोजी ‘दास राइख’ या नाझींच्या एसएस सैन्यातल्या तुकडीने गावाला वेढा घातला, आणि फिझाक परिसरातले पाचशेहून अधिक लोक हद्दपार करून छावण्यांत नेले. अनेक परतले नाहीत. गावाची ओळख सांगताना हे वगळून पर्यटनाचं गोड चित्र रंगवणारी माहितीपत्रकं मला खटकतात.

तुलनेसाठी पंचवीस-तीस किलोमीटरवरचं दकाझव्हील बघा. तेही याच टापूत, पण जन्म वेगळा. एकोणिसाव्या शतकात कोळसा आणि लोखंडासाठी वसवलेलं, एका सरदाराचं नाव दिलेलं गाव. ऐन भरात पंधरा हजारांच्या आसपास वस्ती. आज साडेपाच हजारांच्या जवळपास. खाणीतलं भूमिगत काम १९६० च्या दशकात थांबलं, उघडी खाण २००१ मध्ये. जवळच्या व्हिव्हिएतला, मोटारींचे भाग ओतणारा कारखाना २०२१ मध्ये बंद पडला आणि तीनशेहून जास्त कामगार रस्त्यावर आले. दकाझव्हील आसपासच्या शेतकऱ्याचं गाव कधी पुरतं झालंच नाही. तो तिथे मजुरीला गेला, बाजाराला फारसा नाही. खाण गेल्यावर गावाला धरून ठेवणारं दुसरं काही उरलं नाही.

मग फिझाक सुरक्षित आहे का? नाही. २०२० मध्ये विमानं जमिनीवर बसली तेव्हा इथेही नोकऱ्या गेल्या, आणि एकाच उद्योगावर विसंबण्याची चूक दकाझव्हीलपासून हाकेच्या अंतरावर असूनही इथे झाली होती हे उघड झालं. फरक एवढाच पडला, की शनिवारचा बाजार, रुग्णालय, शाळा ही दुसरी बाजू चालू होती.

जुन्या गावठाणाचं दुखणं मात्र सगळ्या फ्रान्सचं तेच इथलं. सोलेयोवाली घरं बघायला सुंदर, राहायला अवघड. अरुंद गल्ली, अंधारा जिना, दाराशी गाडी नाही. वारसांत वाटण्या झालेल्या, म्हणून विकायलाही कटकट. तरुण जोडपं बाहेर अंगणवाला बंगला घेतं. आत वृद्ध, विद्यार्थी आणि बंद खिडक्या. मोठी सुपरमार्केटं वेशीबाहेरच्या चौफुलीवर. छोट्या दुकानदारांना वाचवण्यासाठी १९७३ मध्येच मोठ्या दुकानांना परवानगीची अट घालणारा कायदा झाला होता, पण परवानग्या मिळत गेल्या. फिझाकने त्यातल्या त्यात बरं सांभाळलं. मार्तां माल्व्ही हे १९७७ ते २००१ इथले महापौर होते, पुढे प्रांताचे अध्यक्षही झाले. त्यांच्या काळात जुनं गाव संरक्षित क्षेत्र ठरलं आणि एकेक घर दुरुस्त होत गेलं. इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा १८२२ मध्ये करणारा जाँ-फ्रांस्वा शाँपोल्यों १७९० मध्ये इथे जन्मला, एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी. त्याच्या नावाचं जगातल्या लिप्यांचं संग्रहालय गावठाणाच्या आत आहे. शेजारच्या चौकात जोसेफ कोसुथ या कलावंताने, ज्याच्या आधारे हा उलगडा झाला त्या रोझेटा शिलालेखाची प्रचंड प्रतिकृती काळ्या दगडात जमिनीवर अंथरली आहे. त्यावरून लोक चालतात, मुलं सायकली फिरवतात. चौफुलीवर संग्रहालय बांधणं सोपं आणि स्वस्त पडलं असतं. आत बांधलं म्हणून आतली उपाहारगृहं चालतात. फ्रान्समधल्या ल प्यूईहून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राला पायी निघालेले यात्रेकरूही याच गल्ल्यांतून जातात. वारीच्या वाटेवरच्या गावांना जसा हंगाम असतो तसा त्यांचा वसंतापासून शरदापर्यंत हंगाम असतो.

डॉक्टरांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आज कुठल्याही बैठकीत पहिला प्रश्न तोच येतो. १९७१ पासून फ्रान्सने वैद्यकीय शिक्षणाच्या जागांवर मर्यादा घातली होती. ती अलीकडेच उठवली. मधल्या काळात शिकलेले डॉक्टर निवृत्त होताहेत, आणि नव्यांना कुठेही दवाखाना थाटायचं स्वातंत्र्य असल्यामुळे ते समुद्राकाठी आणि मोठ्या शहरांत जातात. आधी खेड्यातला डॉक्टर जातो, मग ते रोगी केंद्रगावात येतात, मग केंद्रगावातल्या डॉक्टरांच्या वह्या भरतात आणि ते नवा रोगी घेत नाहीत. प्रसूतिगृहांचंही असंच. १९९८ च्या नियमाने वर्षाला ३०० पेक्षा कमी बाळंतपणं होणारी प्रसूतिगृहं, फार दुर्गम भाग सोडून, बंद व्हायला लागली. सेवेचा थर असा एकेक पायरी वर सरकतो, आणि रस्ता बायकांच्या वाट्याला येतो.

तालुक्याच्या गावाशी तुलना करायचीच तर एक मोठा फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे तहसील हलली की गाव हलतं, इतकी सरकारी कचेरीची पकड आहे. इथे सू-प्रेफेक्चर राहिली तरी तिथली बरीचशी कामं संगणकाच्या पडद्यावर गेली, आणि ज्यांना पडदा जमत नाही त्यांच्यासाठी ‘फ्रान्स सर्व्हिस’ नावाची मदतकेंद्रं उघडली. देशात ती अडीच हजारांहून जास्त आहेत. त्यामुळे फ्रेंच गावाचं केंद्रपण मोजताना कचेरी मोजू नका, माणसांच्या फेऱ्या मोजा.

त्यासाठी प्रत्यक्ष जाल तेव्हा एक साधी युक्ती करा. फ्रेंच गाडीच्या पाटीवर उजव्या टोकाला जिल्ह्याचा आकडा असतो : लॉटचा ४६, आव्हेरोंचा १२, ओरियाक ज्यात येतं त्या कांतालचा १५. मंगळवारी सकाळी दहा वाजता फिझाकच्या वाहनतळावर उभं राहून आकडे टिपा, आणि शनिवारी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा टिपा. २००९ पासून मालकाला हा आकडा आपल्या पसंतीने निवडता येतो, म्हणून थोडी भेसळ गृहीत धरा. भाड्याच्या गाड्या सोडून द्या. मग रुग्णालयाच्या वाहनतळावर तेच करा. दोन्ही ठिकाणचे बाराचे आणि पंधराचे आकडे शेजारी मांडून बघा. मला पहिल्यांदा करायला लावलं तेव्हा हा पोरखेळ वाटला होता. त्या शनिवारी माझी वही दुपारच्या आत भरली, आणि बाराचा रकाना मला दुसऱ्या पानावर न्यावा लागला.